देवीने मागितलेला चुना

ठाण्याच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या, यशोदेच्या, कानापुढे बोटाने हलकी टिचकी मारली. तिच्या ओठाचा कोपरा आपोआप उडाला. ते म्हणाले, "ही देवी नव्हे. ही टेटनी." टेटनी म्हणजे हातापायांना, पुढे घशालाही येणारे पेटके.

त्याआधीचे दिवस मी यशोदेखेरीज आजवर कोणाला खरे सांगितले नाहीत.

मुंबईत तिचे गलगंड कापून काढले होते. कोपरीला घरी आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या. मग हात वळले. बोटे जुळून ताठ, अंगठा आत. माझी थोरली बहीण अक्का म्हणाली, "अंगात आलंय रे." तिने ओटी भरली. शेजारणी कौल मागायला आल्या. मीही विचारले, कल्याणची बदली मिळेल का.

यशोदा कशीबशी म्हणाली, "चुना."

तिला पानाला चुना जास्त लागे. गळ्याची जखम चिघळेल या भीतीने डबी मीच कोटाच्या खिशात लपवली होती. तरी ती काढून दिली नाही. अक्का म्हणाली, "देवीला देऊळ रंगवून हवंय." मी रजा काढून खाडीकाठचे देऊळ चुन्याने पांढरे करून घेतले. घरी आलो तेव्हा यशोदेचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता. तशीच तिला गाडीत घालून ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेले.

"गलगंड काढल्यावर काहींना असं होतं," डॉक्टर म्हणाले. "का होतं, ते आम्हालाही ठाऊक नाही. दूध द्या. मागतील ते द्या."

तिने पुन्हा चुनाच मागितला. दुधातून चुन्याची निवळी दिली. मी पडवीत बसून तिचा श्वास ऐकत होतो; मध्ये थांबला की उठून आत जात होतो. तिसऱ्या दिवशी बोटे सुटली.

पुष्कळ वर्षांनी त्याच डॉक्टरांनी उलगडा केला. गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, उतरला की त्यांच्या पेशींना ते कळते आणि त्या आपला रस सोडतात. चुना पुरेसा झाला की हात आखडता घेतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या होत्या. उरल्यासुरल्या पुढे सावरल्या.

त्या दिवशी मी यशोदेला डबीचे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"ठाऊक आहे. तुमचा खिसा पांढरा झाला होता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले की. तुम्ही देऊळ रंगवायला गेलात."

देऊळ रंगवले म्हणून ती वाचली, असे आमच्याकडे अजून सांगतात. मी ते चालू दिले. ते खोटे आहे. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण ज्यांच्या घरी दुखणे आहे त्यांना एवढेच सांगतो, आजारी माणूस चुना म्हणाला तर आधी चुना द्यावा.