वरचा कापूस पांढराच असते

इंगोलेभाऊंचा कोणत्याही वस्तूच्या वरच्या थरावर विश्वास नव्हता. बाजारात वांगी घेताना ते टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळातलं वांगं वर आणत आणि विकणाऱ्या बाईला नुसतं दाखवत. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की म्हणत, "बुडातून घाल, बाप्पा. वर निरं पानी हाये." आम्ही अमरावतीत वलगाव रस्त्यावरच्या वसाहतीत राहायला आलो, त्या दिवशी शेजारधर्म म्हणून ते डोकावले. माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिले आणि पुढच्या रांगेतले जाडजूड ग्रंथ बाजूला सारून मागे हात घातला. हाताला दोन रहस्यकथा लागल्या. पुस्तकं जागच्या जागी ठेवत ते समाधानाने म्हणाले, "चालते, सर. वरचा कापूस पांढराच असते."

ही सवय त्यांना नोकरीने लावली होती. चांदूर बाजारकडच्या एका सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी आली की चाकावर पाय देऊन वर चढायचं, कापसात खांद्यापर्यंत हात घालायचा, आतली मूठ बाहेर काढून हुंगायची, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. ओला कापूस वजनाला जास्त भरतो. म्हणून काही गाड्यांत वर पांढराशुभ्र कापूस आणि मधल्या थरावर पाणी मारलेलं असे. असं पाणी एखाद्या व्यापाऱ्याच्या गाडीत सापडलं तर इंगोलेभाऊ चारचौघांत ती गाडी परत फिरवत. शेतकऱ्याच्या गाडीत सापडलं तर मात्र हळूच त्याच्या कानाशी लागत. "काका, गाडी उन्हात सोडा. भाकर खाऊन घ्या. दुपारी पाहू." दुपारपर्यंत पाणी उडून जाई आणि माणसाची लाजही. हे केंद्रावरचे काटेवाले, बाळापूरचे सत्तारभाई, मला सांगत. इंगोलेभाऊ स्वतः सांगत नसत.

पुढे सरकारी खरेदी आटोपती घेतली गेली, केंद्र बंद झालं आणि इंगोलेभाऊ वेळेआधीच घरी आले. ते दिवस वऱ्हाडात वाईट होते. गावागावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या येत आणि पेपरात आतल्या पानावर लहानशा चौकटीत छापल्या जात. इंगोलेभाऊ पेपर आतल्या पानापासूनच वाचायला घेत. गावाचं आणि माणसाचं नाव वाचून एवढंच म्हणत, "याची गाडी मी पाह्यली हाये." मग पेपर घडी करून ठेवत आणि दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहत. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी वसाहत काकू म्हणायची, काही ना काही निमित्त काढून आत-बाहेर करत. कधी तांदूळ निवडायला बाहेर आणत, कधी उगाच तुळशीला पाणी घालत. तुळस सडेल एवढं पाणी का घालतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

हळूहळू माणूस सावरला. बोलू लागला, वांग्यांच्या टोपलीत पुन्हा हात घालू लागला. आणि मग विम्याचं प्रकरण निघालं.

केंद्रावरच्या निवृत्त माणसांची एक संघटना होती. तिने बायकांसह सगळ्यांचा मिळून एक आरोग्य विमा काढलेला होता. सामूहिक असल्यामुळे त्यात कोणाला काय दुखतं हे कधी कोणी विचारलं नव्हतं. एका वर्षी कंपनीने कळवलं की हा सामूहिक विमा यापुढे चालू ठेवणार नाही. ज्याने त्याने आपापली पॉलिसी घ्यावी. मुदत संपायच्या आत त्याच कंपनीच्या ज्येष्ठांच्या पॉलिसीत बदलून घेतलं तर झालेली वर्षं मोजली जाणार होती, म्हणजे जुन्या दुखण्यांसाठी पुन्हा थांबावं लागणार नव्हतं. मात्र तिथे सगळे आजार लिहून द्यायचे होते, तपासणी करून घ्यायची होती आणि कंपनी नाहीही म्हणू शकत होती.

एवढ्यात दुसऱ्याच एका कंपनीच्या एजंटने अमरावतीत 'ज्येष्ठ सन्मान सोहळा' ठेवला. मी कोट घालतो, म्हणून मला प्रमुख पाहुणा केलं होतं. व्यासपीठावर मखमली खुर्च्या होत्या. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे मी सगळा वेळ विनम्र दिसत होतो. प्रत्येक वृद्धाला नाव पुकारून वर बोलावलं जाई, शाल पांघरली जाई, हातात नारळ दिला जाई आणि खाली उतरायच्या पायरीपाशीच टेबलावर फॉर्म ठेवलेला असे. आमच्याकडे ज्याची शाल अंगावर घेतली त्याला नाही म्हणणं हे खोटं बोलण्याहून वाईट समजतात. माणसं डाव्या हातात नारळ सांभाळत उजव्या हाताने सही करून जात होती. काय लिहिलंय हे कोणी वाचत नव्हतं. सत्कार झालेल्या माणसाने वाचायला थांबणं बरं दिसत नाही.

इंगोलेभाऊ वर आले. शाल घेतली आणि टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, तुमच्या पॉलिसीत आमची जुनी वर्षं मोजता का?"

एजंट तरतरीत होता. "काका, जुनं विसरा! नवी सुरुवात करा!"

"बाप्पा, या वयात नवी सुरुवात दुखन्याचीच होते. मोजता का नाई, थे सांग."

"तसं नाही मोजत. पण तुम्ही काळजी करू नका. आजारांच्या रकान्यात मी सगळीकडे 'नाही' लिहून टाकतो. हप्ता पण कमी बसतो."

"म्हंजे गाडीत पानी मारून आना, असं सांगून राह्यला तू." इंगोलेभाऊंचा आवाज मुळात केंद्राच्या आवारात कमावलेला. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "अन् आमी दवाखान्यात पडल्यावर तुयाच कंपनीचा ग्रेडर येऊन आत हात घालीन, तवा काय करशीन? तवा तू दुसऱ्या गावात शाली वाटून राह्यला असशीन."

त्यांनी शाल नीट घडी करून फॉर्मवर ठेवली आणि वर नारळ ठेवला. त्यांच्यामागून सत्तारभाई आले. त्यांनी शाल उलटीपालटी करून पाहिली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "माल तो अंदर से भी अच्छा है. दस्तखत का क्या है साहब, चष्मा घर पे छूट गया." आणि शाल पांघरून ते सरळ जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. चष्मा त्यांच्या खिशात होता. जेवताना त्यांनी तो माशांचे काटे काढायला लावला असता, पण जेवण शाकाहारी होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी इंगोलेभाऊंच्या ओट्यावर आम्ही जुन्या कंपनीचा अर्ज भरायला बसलो. लिहायला मी होतो. स्वतःबद्दल त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. साखर, हर्नियाचं ऑपरेशन, कापसाच्या धुरळ्याने लागणारी धाप, अगदी लहानपणी बैलाने मारलं होतं तेही. मी म्हटलं, बैल राहू द्या. ते म्हणाले, "लिहा, लिहा. नंतर कोनी म्हनाले नको." मग काकूंचा रकाना आला.

"हिले काई नाई. निरंक लिहा. लग्न झाल्यापासून दवाखान्याची पायरी नाई चढली."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कपबशा खाली ठेवून म्हणाल्या, "लिहा, सर. बीपी."

"कोनाचा बीपी?" इंगोलेभाऊंनी विचारलं.

"माया."

"कवापासून?"

"तुमचं सेंटर बंद झालं तवापासून. रोज गोयी घेतो."

"कुठी ठेवतं गोया? मले तं कवा दिसल्या नाई."

"हिंगाच्या डबीत. तुमी साऱ्यात हात घालता, पन हिंगाच्या डबीत नाई घालत. वास येते म्हनता."

मी चहा प्यायला लागलो. अशा वेळी चहा फार उपयोगी पडतो. इंगोलेभाऊ आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. हजारो गाड्यांतलं पाणी ओळखणारा तो हात मांडीवर उताणा पडला होता. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"तवा या घरात आजारी पडाची पाळी तुमची होती," काकू म्हणाल्या. "दोघंही संगच पडलो असतो तं उचललं कोनं असतं?"

तुळशीला पाणी का पडत होतं, ते मला तेव्हा कळलं. त्यांना त्या दिवसांत नवऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं.

मग मी व्यवहाराचं बोललो. बीपी लिहिलं तर कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित काकूंना घेणारच नाही. आणि जुनी मुदत संपली की त्या उघड्यावर पडतील. या वयात दुसरं कोणी सहज घेत नाही. काकूंनी लगेच तोडगा काढला. "मायं नावच नका टाकू. यायच्या एकट्याचं तं होऊन जाईन."

"गप राह्य," इंगोलेभाऊ म्हणाले. पण आवाज केंद्रावरचा नव्हता. "लिहा, सर. बीपी लिहा, गोयीचं नाव लिहा, कवापासून थे लिहा. गाडी वाळवून न्याची असते, झाकून नाई."

तपासणीला अकोल्याला जावं लागलं. कंपनीने ठरवून दिलेला दवाखाना तिथे होता. इंगोलेभाऊंनी मलाही सोबत घेतलं. बाळापूर जवळच, म्हणून सत्तारभाई डबा घेऊन आले होते, आणि ती शाल पांघरून. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून एखाद्या परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला आणि बीपी पार वर गेलं. पुन्हा मोजलं, तर आणखी वर. तरुण डॉक्टर आकडा लिहायला लागले. इंगोलेभाऊ पुढे झाले, त्यांच्या टेबलापाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, लपवा नाई म्हनत. पन तिले जरा उन्हात सोडा. भाकर खाऊ द्या. दुपारी पाहा."

डॉक्टरांनी वर पाहिलं. ते बहुधा शेतकऱ्याच्या घरातले असावेत. पेन खाली ठेवून म्हणाले, "या दुपारी."

दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली आम्ही जेवलो. सत्तारभाई काकूंना म्हणाले, "भाभी, मशीनले काय घाबरता? या माणसासंगं इतकी वर्षं राह्यल्या, बीपी तं देवानंच फुकट देल्ला पाह्यजे होता." काकू खळखळून हसल्या. दुपारी आकडा गोळी घेणाऱ्या माणसाचा असावा तसाच आला. तोच लिहिला गेला.

नंतरचे दिवस इंगोलेभाऊ पोस्टमनला रस्त्यातच गाठत. एकदाचा कागद आला. हप्ता वाढवला होता, पण दोघांनाही घेतलं होतं आणि जुनी वर्षं मोजली होती. काकूंच्या नावापुढे बीपी छापलेलं होतं. इंगोलेभाऊंनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, "आता तुयं दुखनं सरकारी पावतीवर आलं. आता लपवता नाई येत." कंपनी सरकारी नव्हती, पण पक्क्या गोष्टीला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

त्यानंतर त्यांनी बीपी मोजायचं यंत्र आणलं. रोज सकाळी ओट्यावर काकूंच्या दंडाला पट्टा बांधत आणि प्रत सांगत. "आज फर्स्ट ग्रेड." एखाद्या दिवशी नुसतंच "हं." पण आकड्यावर त्यांचं समाधान होत नसे. विचारत, "कसं वाटून राह्यलं?" काकू म्हणत, "बरं." मग ते म्हणत, "वरचं नको सांगू. आतलं सांग." आणि काकू खरोखर सांगायला लागल्या. गुडघा, झोप न येणं, लांब राहणाऱ्या मुलीची आठवण. वसाहतीतले लोक फिरायला जाताना हे ऐकत आणि हसत. चाळीस वर्षं संसार करून दोघं नव्याने ओळख करून घेत होते, यात खरं म्हणजे हसण्यासारखं काही नव्हतं.

स्वतःचा दंड मात्र ते पट्ट्यात देत नसत. मला काय झालंय, म्हणत. काही वर्षांनी एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्याच ते घामाने डबडबले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आधी कधी छातीत दुखलं होतं?"

"नाई. मजेत होतो."

पलीकडून काकू म्हणाल्या, "डाक्टर, यायचं वरचं नका ऐकू. हात आत घाला." मग त्यांनीच सांगितलं. पाच-सहा महिन्यांपासून माणूस जिना चढताना मध्येच थांबतो आणि भिंतीचा रंग पाहिल्यासारखं करतो. इंगोलेभाऊंनी काकूंकडे पाहिलं. पकडला गेलेला गाडीवाला पाहत असेल तसं. मग थोडे हसले.

दवाखान्याचं बिल विम्याने बिनबोभाट दिलं. कागद पाहणाऱ्याला आत हात घालूनही काही ओलं सापडलं नाही, कारण बैलासकट सगळं लिहिलेलं होतं. पण हृदय फार थकलं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला जवळ बोलावून एकच काम सांगितलं. "सर, मी गेल्यावर हिची पॉलिसी हिच्या एकटीच्या नावावर करा लागन. मुदतीच्या आत करजा. जुनी वर्षं मोजून घेजा. हिले पुन्हा रांगेच्या शेवटी नका उभं करू." ते मी केलं.

तेराव्याला संघटनेचे अध्यक्ष आले. फोटोला हार घालून त्यांनी इंगोलेभाऊंच्या 'निष्कलंक सेवेवर' भाषण केलं. त्यात केंद्राचं नाव दोनदा चुकलं. मग काकूंपुढे येऊन त्यांनी हात जोडले आणि जेवणाच्या पानांकडे नजर ठेवून विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?"

काकूंनी जरा विचार केला.

"वरून बरी हाये," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान डोलावली आणि ते जेवायला गेले. सत्तारभाई बाळापूरची गाडी गाठायला निघाले होते. दारात त्यांनी ते ऐकलं. चपला पुन्हा काढल्या आणि काकूंच्या समोर येऊन बसले.