दलदलीवरच्या विहिरी

बोर्लीजवळच्या एका वाडीत जैतुनबी सुईण होती. १९२७ साली तिच्या दिराने, करमअलीने, चर खणून गावामागच्या दलदलीचं पाणी खाडीत सोडलं आणि तिथे नारळ लावले. "आपल्या विहिरी त्या दलदलीवरच जगतात," असं जैतुनबी म्हणाली, पण कुणी मनावर घेतलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाने दडी मारली. विहिरी तळाला गेल्या आणि त्यांत खारं पाणी शिरलं. तळातलं गढूळ पाणी पिऊन हगवण पसरली. जैतुनबीच्या हातांवर जन्मलेली पोरं गेली. त्यांत करमअलीचा मुलगाही होता.

त्याच्या दफनानंतर ती कुदळ घेऊन चर बुजवायला लागली.

"भाभी, नारळ कुजतील," करमअली म्हणाला.

"कुजू देत."

थोड्या वेळाने तोही माती ओढू लागला.

विहिरी गोड व्हायला दोन पावसाळे लागले. तोवर अर्धी वाडी उठून गेली होती.