पाठकोऱ्या पत्रकावरची शिट्टी

तुमच्या हाताखालचं यंत्र बिघडायच्या आधी कसं वाजत होतं, हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? "सांगितलं होतं" असं म्हणू नका. लिहिलंय का, एवढंच विचारतेय.

माझे बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. सरावलीच्या आमच्या खोलीत मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. "कामगार बंधूंनो" मला "कमळ"च्या आधी वाचता यायचं. छापून उरलेली पत्रकं घरी येत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला माझी गणितं असत, आईची वाणसामानाची यादी असे, आणि बाबांचे आकडे.

बोईसरच्या एका भंगारवाल्याकडून बाबांनी जुनापुराणा संगणक आणला होता. त्याच्या चिपमध्ये कुठलाच आवाज साठवलेला नसे. तिला आकडे द्यायचे आणि ती त्यांतून आवाज घडवायची. आवाज किती झपकन चढावा, मग किती उतरावा, कुठे टिकावा, कळ सोडल्यावर किती वेगाने विरावा. प्रत्येकासाठी एक खाना, शून्य ते पंधरा. शिवाय एक दुसरी लहर, पहिलीला पिळून तिचा पोत बदलणारी. अशा एका ओळीतून बासरी व्हायची, दुसरीतून पेटी. संध्याकाळी बाबा मला दोन्ही वाजवून दाखवायचे.

मी सातवीत असताना बाबांच्या कारखान्यात वाफेचा वॉल्व्ह फुटला. दुपारची दुसरी पाळी लागून तास झाला होता. बाबा पहिली पाळी संपवून घरी आले होते. ज्यांच्या हाती यंत्र देऊन आले ते त्यांचे जोडीदार, शेजारच्या पाम गावचे आमचे काका, जागीच गेले. चौकशीच्या कागदावर आलं: कामगार झोपला होता. तेव्हापासून नळावर हंडा लावला की काकूंना ऐकावं लागतं, "भर दुपारी झोपतं का कोन कामावर?"

बासरी तेव्हापासून बंद झाली. बाबा रविवारी हेडफोन लावून बसायचे, एक आकडा खोडायचे, दुसरा लिहायचे. काय करताय विचारलं की म्हणायचे, "जमत नाही अजून." वर्षानुवर्षं एवढंच उत्तर.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. यंदा आईने रद्दी बाहेर काढली तेव्हा त्या पाठकोऱ्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या हाती आला. सगळ्यात वरच्या पत्रकाच्या पाठीवर बाबांचं अक्षर होतं: "वॉल्व्ह. चौथा दिवस. दोनपासून चालू. साहेबाला तोंडी सांगितलं. लॉगबुकात लिहिलं नाही." खाली आकड्यांची ओळ.

मी तो कागद कितीदा तरी वाचला. कँटीनच्या पातळ डाळीवर पत्रक काढणारा माणूस. संडासाच्या मोडक्या कडीवर पत्रक काढणारा माणूस. त्याने ही एक ओळ लिहिली नव्हती.

त्या जुन्या चिपची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम आता साध्या लॅपटॉपवर चालतो. मी आकडे भरले. शेवटचा, विरण्याचा खाना कागदावर कोरा होता. कोरा म्हणजे शून्य, असं धरून मी शून्य घातलं आणि कळ दाबली.

दातांतून काढल्यासारखी बारीक शिट्टी आली, खाली वाफेची खरखर. मी बोट उचललं. शिट्टी थांबली नाही.

"कुकर उतरव गं," आई मोरीतून ओरडली. मग स्वतःच बाहेर आली. गॅस बंद होता. ती ओट्याकडे बघत राहिली, मी लॅपटॉपकडे. शेवटी मी प्रोग्रामच बंद केला.

या चिपमध्ये त्या खान्यातलं शून्य म्हणजे आवाज कधीच न विरणं, हे मला नंतर कळलं. पण बाबांना ते पाठ होतं. गठ्ठ्यातल्या बाकी प्रत्येक ओळीत तो खाना भरलेला होता. याच ओळीत नाही. ते तीनला बाहेर पडले तेव्हा शिट्टी चालूच होती. ती संपली कशी, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"काकूंना ऐकवणार आहे," मी आईला म्हटलं.

"गेलेल्या माणसाची अब्रू काढतेस?"

"काकांची रोज नळावर निघते, ती?"

मी निघाले तेव्हा आईने चप्पल घातली नाही. मी एकटीच पामला गेले.

काकू पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. शेवटच्या खान्यात मी मुद्दाम मोठा आकडा घातला होता, आवाज लगेच तुटेल असा. कशाचा आवाज ते न सांगता कळ दाबली. त्यांचे हात थांबले.

"परत लाव."

परत लावला. काकूंनी ओठ ताणले आणि दातांतून तीच शिट्टी काढली. तशीच, शेवटी किंचित चढणारी.

"असा काढायचा तो घरी येऊन," त्या म्हणाल्या. "माज्या कुकरला हसायचा. तुजा कुकर काय वाजतो, आमच्या वॉल्व्हचा ऐक म्हनायचा. साहेबाला पन बोलला. तर साहेब म्हने, पुरानी मशीन है, गाना गाती है."

"कधी बोलले?"

"जायच्या आदी दोन दिस."

"मग त्यांनीही लिहिलं नाही?"

"तो कुठं लिहनार, बाय? लिहनारा तुजा बाप होता."

मी बाबांचा कागद पुढे केला. त्यांनी तो मला वाचायला लावला, दोनदा. मग वालाची सालं झटकून त्या उठल्या.

"भावजी दर दिवाळीला इथं बसून चा पिऊन गेले. एक शब्द नाय." त्या आत गेल्या. मला वाटलं आता बाहेर येणार नाहीत. आल्या, तर हातात पाण्याचा तांब्या होता. "लिही आता तू. दोघं बोलले, दोघांनी नाय लिहलं. आनि कानाशी अशी शिट्टी असताना झोपतं का कोन? तो जागा होता, ते लिही."

लिहिलं. काका जागे होते. चार दिवस वाजणारी शिट्टी दोघांनाही माहीत होती आणि दोघांनीही ती वर सांगितली होती. शेवटचा खाना मी पुन्हा कोरा केला आहे. तो भरू शकेल असा एकच माणूस होता.

आता तुमच्याकडे मागणं. आज पाळीवर गेलात की लॉगबुक उघडा. यंत्र कालच्यापेक्षा वेगळं वाजत असेल तर कसं वाजतं ते लिहा, वेळ घाला, खाली आपलं नाव घाला. आणि ज्याच्या हाती ते सोपवून निघाल, त्याला ती ओळ वाचून दाखवल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.