पाटीभर खडी

ज्वारीच्या ओल्या कणसांचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळातला कापणीचा सण आठवतो. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घर आपलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवायचं, पण त्या वर्षी तिथं दोन कोंबड्या आणि थोडी अंडी, एवढंच होतं. वडील वारल्यापासून आई चर्चची पायरी चढली नव्हती. ती अंबडच्या रस्त्यावर दुष्काळी कामात खडी फोडायची. त्या दिवशी मात्र डोक्यावर पाटी घेऊन ती सरळ आत आली आणि वेदीपुढं खडी ओतली. पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, हे काय?" "औंदा माह्या घरी हेच पिकलं. देवाला बराबर दिसू द्या." पाळकसाहेब बाजूला सरले. "मंग तुम्हीच सांगा त्याला." सगळ्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. मी चोरून पाहिलं, तर आई क्रूसाकडं रोखून बघत होती. "मालक न्हेला, पीक न्हेलं," ती म्हणाली, "पण वावर मी सोडणार न्हाई. पेरते मी, उगवायचं तू बघ." पुढच्या साली तिनं त्याच जागी कणसांची पेंढी ठेवली, तेव्हाही तिचे डोळे उघडेच होते. मलासुद्धा अजून डोळे मिटून प्रार्थना करता येत नाही.