बांधावरचे तिवर

उरणजवळच्या बंदराच्या औद्योगिक पट्ट्यात मी एका कंपनीसाठी तिवरांची, म्हणजे खाडीतल्या खारफुटीची, राखण करतो. कंपनीला नेट झिरो गाठायचंय. म्हणजे गाड्या नि यंत्रांचा धूर होईल तेवढा कमी करायचा आणि उरलेला झाडांनी गिळायचा. मी चौथी नापास, पण एवढं मला कळतं.

आमची भातशेती खाडीलगतच होती. बांधावर तिवराचा कोंब दिसला की उपटायचा, हे मी चालायला लागल्यापासून करत आलो. मुळं बांध पोखरतात आणि खारं पाणी शेतात शिरतं.

एका सकाळी खाडीच्या बांधावरून फेरी मारून आलो, तर हातात पाच-सहा रोपं. कंपनीचीच होती, माझ्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या टोळीनं लावलेली. समोर आमची सुपरवायझर उभी, माझ्या नातीच्या वयाची पोरगी.

"आजोबा, तुम्हाला राखायला ठेवलंय की उपटायला? नोकरी जाईल ना तुमची!"

माफी माझ्या तोंडून निघत नाही. म्हणालो, "जाऊ दे गेली तर. पन बांधावर तिवर नको, पोरी. मागं अजून तीन घरांची शेती हाय. खाली चिखलात लाव, तिथं तो लाटा अडवतो."

तिनं बांधावर चढून मागची शेतं बघितली आणि साहेबांना फोन लावला. दुपारी आम्ही बांधावरची सगळी रोपं खाली चिखलात हलवली. नोकरी टिकली.

आजोबांनी मुद्दाम उपटून दाखवली, असं ती सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे माझा हात सवयीनं गेला होता, मला पत्ताही नव्हता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.