बिनरंगाची नळी

आरफा शिकलगार सकाळचा चहा उभ्यानेच प्यायची. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत वर दोन खोल्या आणि खाली अब्बांचं गॅरेज. कंपनीची बस चौकात सव्वासातला यायची, पण ही पावणेसातलाच पर्स खांद्याला अडकवून दारात उभी. तिची अम्मी, झुलेखा, रोज तेच म्हणायची, "अगं, बस येईपर्यंत बस तरी." आरफा कपाटाला टेकायची, परत सरळ व्हायची, मोबाइल बघायची, कप विसळायची. लहानपणापासून तिचं असंच होतं. शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं की मुलगी हुशार आहे, पण पायाला भिंगरी आहे.

तिचे अब्बा मीरासाहेब कराडकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागले होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी दुचाकींचं गॅरेज टाकलं. आरफाने बीएस्सी केलं सूक्ष्मजीवशास्त्रात, आणि पहिली नोकरी मिळाली ती चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत, तापल्या लोखंडातून ठोकून घडवलेले इंजिनाचे दांडे, क्रँकशाफ्ट, तपासायची. पडदे लावलेल्या अंधाऱ्या खोपटात जांभळा दिवा, लोखंडावर ओतलेलं हिरवं चमकणारं द्रावण, आणि जिथे तडा असेल तिथे उजळणारी केसासारखी रेघ. तीन वर्षं ती अशा रेघा शोधत होती. मग साठवलेल्या पगारावर तिने एमएस्सी केलं आणि चाकणच्याच पुढे, सुट्या भागांच्या दोन शेडच्या मध्ये असलेल्या एका पांढऱ्या दुमजली इमारतीत लागली. इथे दुसऱ्या कंपन्यांची नवी औषधं उंदरांवर तपासून दिली जात. मध्यंतरी सोलापूरचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडचे म्हणाले, बाकी सगळं पसंत आहे, फक्त हे उंदरांचं काम सोडावं लागेल. आरफाने चहाचे कप उचलता उचलताच नाही म्हणून टाकलं. आता ती तेहेतीस वर्षांची होती आणि या कामात तिला सहा वर्षं झाली होती.

तिचं काम उंदरांच्या पांढऱ्या पेशी ओळखण्याचं. उंदराची प्लीहा घेवड्याच्या दाण्याएवढी असते. ती बारीक जाळीवर दाबून गाळली की एकेक पेशी सुटी होते. पण सुट्या झालेल्या पेशी सगळ्या सारख्याच दिसतात. शत्रूला मारणारी कुठली, नुसती झोपलेली कुठली, डोळ्याला काही कळत नाही. म्हणून त्यांत अँटिबॉडी घालायच्या. प्रत्येक अँटिबॉडी फक्त एकाच प्रकारच्या खुणेला जाऊन चिकटते, आणि प्रत्येकीच्या शेपटीला एक चमकणारा रंग बांधलेला असतो. मग त्या पेशी एकामागे एक अशा बारीक धारेतून लेझरसमोरून जातात, आणि ज्या रंगाची चमक आली त्यावरून यंत्र पडद्यावर एकेक ठिपका टाकत जातं. मिनिटाभरात हजारो ठिपक्यांचे ढग जमतात. हे ढग वाचण्यात आरफाचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं. एरवी एका जागी न टिकणारी ही बाई त्या पडद्यासमोर मात्र दोन-दोन तास हलायची नाही.

त्या वर्षी एका कंपनीचं नवं औषध आलं. कुठल्याशा कंदातून काढलेलं, कर्करोगाच्या गाठीवर चालेल अशी आशा असलेलं. पहिल्या तुकडीत वीस काळे उंदीर, सगळ्यांना गाठी. दहांना औषध, दहांना नुसतं मिठाचं पाणी. तीन आठवड्यांनी प्लीहा काढून बघायचं की मारेकरी पेशींपैकी किती जाग्या झाल्या. जाग्या पेशीवर जी खूण उगवते, तिच्या अँटिबॉडीला हिरवा रंग बांधलेला होता. पाण्यावरच्या उंदरांत शंभरातल्या चार पेशी हिरव्या निघाल्या. औषधाच्या उंदरांत एकतीस.

डॉक्टर निरंजन तिथले प्रमुख. बोलायला मोजके, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी वडापाव मागवले. "आरफा, सहा वर्षांत असा आकडा बघितला होतास का?" ते म्हणाले. "बुधवारी दुसरी तुकडी होऊ दे, की शुक्रवारी त्यांना कळवून टाकू."

आरफा हसली, वडापाव अर्धा खाल्ला आणि परत यंत्राकडे गेली. तिला काहीतरी खुपत होतं. काय, ते सांगता येईना. तिने औषधाच्या उंदरांतल्या मारेकरी पेशी बाजूला ठेवून बाकीच्यांचे ढग उघडले. ज्यांचा या खुणेशी फारसा संबंध नाही, त्यांचेही ढग जरा जरा उजवीकडे, हिरव्याकडे सरकलेले. थोडेच, पण सगळे.

तिने सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "औषधाने सगळ्याच पेशी थोड्या जाग्या होत असतील. उलट चांगलंच आहे की."

"होत असतील, सर."

"मग?"

"मग काही नाही. नुसतं वाटलं."

दोन दिवस ते वाटणं तिच्या मागे लागलं. बस मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकली की ती खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरायची आणि शेजारची बाई बघायला लागली की थांबायची. घरी भाकरी करपली. अब्बांनी विचारलं, "कंपनीत काही झालं का?" ती म्हणाली, "काही झालं नाही, म्हणूनच."

मंगळवारी ती उंदरांच्या खोलीत गेली. दुसऱ्या तुकडीचे बारा उंदीर बघायचे होते. ती खोली साहेबरावांच्या ताब्यात. साहेबराव चाकणजवळच्याच गावचे, पन्नाशी उलटलेले. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हापासून इथे पिंजरे सांभाळत होते. उंदरांना ते आवाज चढवून कधी बोलत नसत.

"ताई, एक इचारू का?" पिंजरा बदलता बदलता ते म्हणाले. "ह्या सहा पिंजऱ्यांचा भुसा लई पिवळा पडतोय. धुतलं तरी हातमोज्याला डाग ऱ्हातो. दुसऱ्या सहाचं तसं न्हाई."

आरफाने बघितलं. पिंजऱ्यांवरचे आकडे बघितले. पिवळे सगळे औषधाचे.

"कधीपासून?"

"पयल्या तुकडीपासनं हाय. मी म्हटलं, औषीदच पिवळं हाय, तर मूत पिवळं व्हनारच. सांगायचं का?"

"सांगायला हवं होतं, काका," ती म्हणाली, आणि लगेच तिलाच वाईट वाटलं. औषधाची पिवळी बाटली तिने स्वतः महिनाभर हाताळली होती. तिला तरी कुठे सुचलं होतं?

तिथेच उभी असताना तिला फोर्जिंगमधल्या विमलबाई आठवल्या. पहिल्याच आठवड्यात आरफाने चमकणारी रेघ बघून एक चांगला क्रँकशाफ्ट भंगारात टाकायला काढला होता. विमलबाईंनी तो हातात घेतला, फडक्याने पुसला, परत दिव्याखाली धरला. रेघ गायब. तेलाचा ओघळ होता. "तेलपण चमकतं गं," त्या म्हणाल्या होत्या. "आधी पूस, मग बोल."

हळदीसारखं पिवळं काहीतरी पेशींच्या आत मुरलं असेल, आणि लेझर पडल्यावर तेच हिरवं चमकत असेल, तर? मग अँटिबॉडी चिकटो न चिकटो, यंत्राला हिरवंच दिसणार. हे ताडून बघायचा उपाय सोपा होता. औषध दिलेल्या उंदराच्या पेशी, एकही अँटिबॉडी न घालता, तशाच यंत्रातून सोडायच्या. तशी बिनरंगाची एक नळी प्रत्येक प्रयोगात असतेच. आरफा जवळजवळ पळत वर गेली आणि तिने पहिल्या तुकडीची वही काढली. नळी होती. पण ती पाण्यावरच्या उंदराची होती. औषधाच्या उंदराची नव्हती. आणि त्या आखणीच्या पानाखाली सही होती तिची स्वतःची.

सरांच्या खोलीत ती बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, सहीचंही सांगितलं. निरंजन सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"कल्पना आहे ना, शुक्रवारी काय आहे?" ते म्हणाले.

"आहे सर. जास्तीचा उंदीर लागणार नाही. उरलेल्या पेशी आपण टाकूनच देतो. त्यातल्याच घेते."

"आणि तुझं म्हणणं खरं निघालं तर?"

"तर आत्ताच कळेल."

"तुझा करार मार्चमध्ये संपतो, आरफा. आणि हा प्रकल्प राहिला तर आपल्या चौघांचे करार पुढे सरकणार आहेत. मी धमकी देत नाही. आहे ते सांगतोय."

"माहितेय सर," ती म्हणाली.

"वहीत लिही आणि कर," ते म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

बुधवारी सकाळपासून ती कामाला लागली. उंदरांचा शेवट करण्याचा भाग तिला सहा वर्षांनंतरही सवयीचा झाला नव्हता. मग प्लीहा, जाळी, बर्फावरच्या नळ्या. सहा औषधाच्या, सहा पाण्याच्या, आणि या वेळी औषधाच्या प्रत्येक उंदराची आणखी एक नळी, बिनरंगाची. त्या सहा नळ्यांवर आकडे लिहिताना तिचं अक्षर वाकडं आलं. पुसून परत लिहिलं.

दुपारी दोनला तिने पहिली बिनरंगाची नळी यंत्राला लावली. यंत्र घुरघुरलं. पडद्यावर ठिपके पडायला लागले आणि ढग जमत गेला, उजवीकडे सरकलेला, त्याची कड थेट हिरव्यात. हिरवं कुठून मोजायचं ती रेषा पहिल्या तुकडीला होती तिथेच ठेवून तिने आकडा वाचला. शंभरात सत्तावीस. दुसरी नळी, पंचवीस. तिसरी, अठ्ठावीस. एकाही पेशीला अँटिबॉडीचा थेंब लागलेला नव्हता.

तिला वाटलं होतं, आपलं खरं निघालं तर निदान सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. पहिल्या तुकडीचे वीस उंदीर डोळ्यांपुढे आले, तिच्या एका न लिहिलेल्या नळीपायी गेलेले.

सर तिच्या मागे येऊन कधी उभे राहिले होते, तिला कळलंच नाही. "सगळ्या सहा?" त्यांनी विचारलं.

"तीन झाल्या. उरलेल्या लावते."

"लाव," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून शेजारी बसले. सहाही नळ्यांचे आकडे त्यांनी स्वतः वहीत उतरवले. मग सर म्हणाले, "ती आखणी मीही तपासली होती. खालची दुसरी सही माझी आहे. तुझ्या लक्षात नसेल, पण आहे."

शुक्रवारी त्यांनी खरं तेच कळवलं. समोरच्या कंपनीचे लोक चिडले, मग विचारू लागले की आता काय. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने मंजूर केलेल्यांपैकी बारा उंदीर राखीव होते. आरफाने नवी आखणी केली. जाग्या पेशींच्या खुणेला हिरव्याऐवजी रंगपट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा लाल रंग घेतला, कारण त्या टोकाला हे औषध चमकत नव्हतं. ते तिने आधीच, बिनरंगाच्या पेशी घेऊन, तपासलं. वहीत तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'औषधाच्या पिंजऱ्यांतील भुसा पिवळा पडल्याचे निरीक्षण, साहेबराव, प्राणी विभाग.' साहेबरावांना दाखवलं तर ते गोंधळले. "माझं नाव कशापायी? मी काय केलं?" ते म्हणाले. मग खिशातून चष्मा काढून त्यांनी ती ओळ परत वाचली.

महिन्याभराने राखीव उंदरांचे आकडे आले. पाण्यावर चार टक्के, औषधावर सात.

कंपनीने प्रकल्प बंद केला नाही, पण निम्मा केला. त्या चौघांपैकी दोघींचे करार संपले. आरफाचा सहा महिन्यांनी वाढला. ज्या दोघी गेल्या त्यांतली एक आरफाचा निरोप न घेताच गेली. अब्बांना तिने हे सगळं गॅरेजमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. ते एका स्कूटरचा ब्रेक बसवत होते. ऐकून म्हणाले, "चूक तुझी, ती सापडली तुला, आणि सांगितलीस पण तूच. आता काय राहिलं?"

राहिले होते ते सात टक्के. औषधाच्या सहा उंदरांपैकी चारांत आकडा वाढला होता, दोघांत नव्हता. सहांवरून छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. औषध खरंच थोडं चालतं, की योगायोग आहे, हे कळायला आणखी उंदीर लागणार होते, आणि ते मिळतील का याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नव्हतं. सोमवारी बस चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे थांबली. आरफाने पर्समधून पानं काढली, आकडा न वाढलेल्या त्या दोन उंदरांना वजनाच्या मानाने औषध कमी पडलं का, ते बघायला त्यांच्या वजनांच्या नोंदी गुडघ्यावर पसरल्या आणि वाचायला लागली.