मांजराचं तोंड धुणाऱ्या गंगम्मा अक्का

मांजरानं उंदीर मारला की गंगम्मा अक्का त्याचं तोंड धुवायच्या. खोटं वाटेल, पण हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं आहे. मानगूट धरायची, मांडीत दाबून बसवायचं, तांब्यातल्या पाण्यानं मिशांपासून हनुवटीपर्यंत खसाखसा चोळायचं आणि वर कपाळावर विभूतीचं बोट ओढायचं. मांजर बोचकारायची, अक्कांच्या मनगटावर रक्त यायचं. "गप गं गौरी," अक्का म्हणायच्या, "आमच्या घरात ऱ्हायचं तर नेमानं ऱ्हायचं." मग गल्लीत कुणी विचारो न विचारो, सांगत सुटायच्या, "आमच्या गौरीला उंदराचा वास बी सोसत न्हाई. दूध-भाकरीशिवाय कशाला शिवायची न्हाई ती." उंदराची शेपटी तेव्हा अजून पायरीवरच पडलेली असायची.

अक्का आता नाहीत. हुलसूरची माणसं अजून त्यांची आठवण काढतात आणि मायाळू बाई होती म्हणतात. मायाळू होत्याच. त्यात काही खोट नाही.

सीमाभागातल्या हुलसूरच्या मराठी शाळेत बदली होऊन मी आले, तेव्हा खोली शोधत फिरत होते. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. अक्कांच्या दारात मी इतकी वैतागले होते, की त्यांनी नाव विचारायच्या आत सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मला उन्हात हिंडायचा कंटाळा आलाय." अक्का ज्वारी निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "मला कामून सांगायलीस? आमच्या धर्मात जात न्हाई. बसवण्णांनी कवाच काढून टाकली ती. फकत मांस-मच्छी, अंडं माझ्या घरात चालायचं न्हाई. बस, पाणी पी."

खोली मागच्या बाजूची, कोंदट, वर पत्रे. पण मी लगेच सामान आणलं. खरं सांगायचं तर खोलीपेक्षा मला ते वाक्य हवं होतं. आयुष्यात एकदा तरी कुणी ते बोलावं आणि ते खरं निघावं, एवढीच माझी हाव.

आणि दोन वर्षं ते खरं वाटलंही. मला ताप आला की अक्का आंबील घेऊन यायच्या. शाळेतून यायला उशीर झाला की ओट्यावर बसून राहायच्या आणि मी दिसले की शिव्या घालायच्या, "मेले होते की काय समदे रिक्षावाले?" शाळेत मुलांना अंडी वाटायचा दिवस असला की मात्र मला दारातच अडवायच्या. "आज अंड्याचा दिस ना गं मास्तरीण? आधी नळावर जा, कोपरापत्तुर धू." मी हसत जायचे आणि धुवायचे. मांजराचं तोंड धुणाऱ्या बाईनं मला हात धुवायला लावले, तर त्यात रागवायचं काय, असं म्हणायचे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, त्यामुळे गौरी, मी आणि दूध घालणारा शरणप्पा अण्णा, एवढाच त्यांचा संसार. शरणप्पाला त्या 'पाण्याचा व्यापारी' म्हणायच्या आणि दूध त्याच्याकडूनच घ्यायच्या.

गौरी ज्वारीच्या कोठीत व्याली. तीन पिल्लं दांडगी आणि एक अगदीच मरतुकडं, अंगावर नुसती कातडी. अक्कांनी तिचं नाव बारकी ठेवलं. बारकीला आचळ सापडायचं नाही, आणि सापडलं तर भावंडं तिला तुडवून पुढे घुसायची. अक्का तिघांना उचलून सुपात ठेवायच्या, बारकीला आधी पदराखाली पोटाशी धरायच्या. "गार अंगाला दूध पचत न्हाई," म्हणायच्या. अंग उबदार झालं की एकटीला आईच्या कुशीत लावायच्या आणि तिचं पिऊन होईपर्यंत बाकीच्यांना जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. पाजल्यावर ओल्या कापसानं तिचं बूड पुसायच्या. मी औषधाच्या दुकानातून ड्रॉपर आणला, तर मला दटावलं, "उताणी धरू नको गं, ठसका लागून मरंल. पालथी धर, आई पाजते तशी." आम्ही दोघी त्या कोठीत गुडघे टेकून बसायचो. त्या दिवसांत मला त्या माझ्या आईइतक्या जवळच्या वाटल्या.

पण बारकीला पुरणार कुठून? गौरीच्याच अंगात दूध नव्हतं. बाळंतीण बाहेर जाऊन भलतंसलतं खाईल म्हणून अक्कांनी कोठीला कडी घातली होती. आत तिला बाळंतिणीचा खुराक चालू होता. अळिवाची खीर, ज्वारीची आंबील आणि शेपूची भाजी! मांजर शेपूकडे बघायची आणि मग माझ्याकडे. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. बारकीचा आवाज खाली खाली जात चालला.

"अक्का," मी म्हटलं, "हिला अंडं तरी द्यावं लागंल. न्हाईतर दूध यायचं कुठनं?"

"काय बोलायलीस! पुन्यांदा बोलू नको."

"मग बाहेर तरी सोडा. तिचं ती बघंल."

"आन उंदीर खाऊन माझ्या लेकराला पाजंल व्हय?"

मग मी अंडी आणली. रोज एक उकडलेलं अंडं, कागदात गुंडाळून, कोठीच्या माझ्याकडच्या झरोक्यातून. नियम मोडला, हो, मोडला. त्याची मला तेव्हाही लाज नव्हती आणि आजही नाही. गौरी कागदासकट खायची. बघता बघता तिला पान्हा फुटला, बारकीचं पोट टम्म दिसायला लागलं, डोळे उघडले. अक्कांनी गल्लीभर सांगितलं, "शेपूनं दूध उतरलं बघा! माणसाला काय आन मांजराला काय, शेपू ती शेपूच." मी खोलीत तोंडावर उशी धरून हसले.

एका सकाळी शरणप्पाला दाखवायला म्हणून अक्कांनी गौरीला कडेवर बाहेर आणलं. "बघ रे, मांस न खाता कशी झाली." आणि थांबल्या. मिशीला पिवळं काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी वास घेतला.

"कुणी दिलं?"

"मी," मी म्हटलं.

मला वाटलं, आता शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्कांनी गौरीला रस्त्यावर टाकलं, आंघोळ केली, कोठी पुसून घेतली आणि दार लावून घेतलं. आई बाहेर, पिल्लं आत.

गौरी त्या दारावर नखं मारत ओरडायला लागली. तिची आचळं भरून तटतटली होती, पायरीवर दुधाचे थेंब पडायचे. आत बारकी ओरडायची. दोघींच्या मध्ये एक फळी. आणि त्या फळीच्या आड अक्का बसून होत्या, वातीनं शरणप्पाचं दूध पाजत. तशीच पोटाशी धरून, तशीच ऊब देऊन. दोन दिवस, दोन रात्री हेच चाललं, झरोक्यातून मला सगळं दिसायचं. तिघं वात चोखायला शिकली. बारकीला ते जमेना. दूध ओठांवरून गळून जायचं, आणि अक्का पुन्हा वात बुडवायच्या, "पी गं माझे बाय, घोटभर तरी पी," म्हणून विनवायच्या. त्यांचे डोळे वाहत होते. हात पुढे केला असता तर कडी निघाली असती.

"अक्का, दार उघडा," मी झरोक्याशी तोंड लावून म्हटलं. "एकदाच आईला आत घ्या. लेकरू मरायलंय."

"ते दूध आता चालायचं न्हाई."

"मग बारकीला मला द्या."

"तुला? पुन्यांदा तेच करायला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी शरणप्पानंही सांगून पाहिलं. "अक्का, मी बी गळ्यात लिंग बांधलेला माणूस हाय. जनावराला कसला आलाय नेम? सोडा की तिला."

"तू दूध घाल आन जा," अक्का म्हणाल्या. "हिच्या हातचं खाल्लंय तिनं. आता कशी आत घेऊ?"

हिच्या हातचं. अंडं नाही म्हणाल्या. शरणप्पानं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि किटली उचलून निघून गेला. मी तिथंच उभी राहिले. स्वतःला समजावलं की बाई दोन रात्री झोपलेली नाही, तोंडातून काहीही निघतं.

दुपारी आतला आवाज थांबला. अक्कांनी दार उघडलं तेव्हा बारकी त्यांच्या ओंजळीत होती, नव्या खणात गुंडाळलेली, कपाळावर विभूती. त्या हमसून रडत होत्या. कढीलिंबाच्या झाडाखाली मी खड्डा काढला, त्यांनी तिला ठेवलं आणि आम्ही दोघींनी माती लोटली. गौरी भिंतीवरून बघत होती. पुढे ती कुठे गेली कुणास ठाऊक, अक्कांनी तिला परत घेतलं नाही. उरलेली तीन पिल्लं मात्र फार जिवापाड वाढवली म्हणतात.

हातावरची माती झाडताना मी विचारलं. विचारायला नको होतं असं कधीकधी वाटतं, पण मला माहीत करून घ्यायचंच होतं.

"अक्का, मी अंडं नसतं दिलं. नुसती भाकरी दिली असती, माझ्या तव्यावरची. तर घेतलं असतं का तिला आत?"

अक्कांनी पदरानं नाक पुसलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, निदान माणसांच्या बाबतीत नव्हती. त्यांनी खरंच थोडा विचार केला.

"न्हाई," म्हणाल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला. "त्याचं वाईट वाटून घेऊ नको. तू लई गुणाची हाइस. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस ना? बस, भाकरी आणते."

त्यांनी आतून गरम भाकरी, दाण्याची चटणी आणि दही आणलं आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. मी खूप चिडले होते. पण भूकही लागली होती. त्या समोर बसून मायेनं बघत राहिल्या आणि मी ती सगळी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी खोली सोडली.